तापीचे दुसरे टोक



जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे दोनशे मीटर उंचीवर आहे, धुळे त्याहून थोडे वर. भुसावळहून रेल्वेने सुरत गाठायची तर तीनशेहून अधिक किलोमीटर जावे लागते. त्यामुळे समुद्र हा कोकणाचा विषय आणि पाणीटंचाई हा खान्देशाचा, अशी वाटणी आपण मनाशी करून टाकली आहे. पण गिरणा, वाघूर, बोरी, अनेर, पांझरा, बुराई, गोमाई या साऱ्या नद्या तापीला मिळतात आणि तापी सुरतेच्या पुढे डुमसजवळ खंबातच्या आखाताला मिळते. तापीचे खोरे सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरचे. त्यातला जवळजवळ चार पंचमांश भाग महाराष्ट्रात आहे. गुजरातकडे खोऱ्याचा सहा टक्क्यांइतकाच तुकडा येतो, मात्र नदीचे मुख त्या तुकड्यात आहे. एका नदीचे अंग एका राज्यात आणि मुख दुसऱ्या राज्यात असले, की अंगाकडच्या लोकांना मुखाचा विसर पडतो. खान्देशात तो पडलेला आहे. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडल्याची बातमी आली की दर पावसाळ्यात एकच हळहळ ऐकू येते: आपले पाणी समुद्रात वाहून वाया चालले. या हळहळीमागचे दुःख खरे आहे. तिच्यामागची समजूत मात्र चुकीची आहे, आणि ती सुरतेइतकीच खान्देशालाही महागात पडते आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच.

ती समजूत तपासायची तर आधी तापी ज्या पाण्याला मिळते ते पाणी कसे आहे हे पाहायला हवे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे जावे तसतशी भरती वाढत जाते. केरळात कोचीला भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतला फरक एका मीटरच्याही आत असतो. गोवा, रत्नागिरीला उधाणाच्या दिवसांत तो दोन मीटरच्या आसपास जातो, मुंबईला चार मीटरच्या पुढे, तापीच्या मुखाशी पाच-सहा मीटर, आणि आखाताच्या आतल्या बाजूला भावनगरला उधाणाचा फरक दहा मीटरच्या वर जातो. म्हणजे तीन मजली इमारतीइतके पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. जगात एवढ्या मोठ्या भरतीच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. चंद्र सगळीकडे एकच, सूर्यही एकच. मग दीड हजार किलोमीटरच्या किनाऱ्यावर एवढा फरक का पडावा?

उत्तर किनाऱ्याच्या घडणीत आहे. भर समुद्रात भरतीची लाट फार उंच नसते. ती किनाऱ्याजवळच्या समुद्रबूड जमिनीवर, म्हणजे भूखंडमंचावर चढते तेव्हा पाणी उथळ होते, लाटेचा वेग कमी होतो आणि उंची वाढते. हा मंच केरळजवळ अरुंद आहे. मुंबई आणि दक्षिण गुजरातसमोर तो तीनशे किलोमीटरच्या आसपास रुंदावतो. त्यातच खंबातचे आखात मुखाशी रुंद आणि आत निमुळते होत गेलेले. आत शिरलेल्या पाण्याला बाजूला सरकायला जागा उरत नाही, म्हणून ते वर चढते. तिसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. अर्धे भरलेले घंगाळ उचलून चालू लागले की त्यातले पाणी आपल्या ठरावीक लयीत हिंदकळते, आणि चालण्याची लय तिच्याशी जुळली तर ते बाहेर उसळते. मंच आणि आखात मिळून जे पात्र तयार झाले आहे त्याचीही अशी स्वतःची लय आहे, आणि ती भरतीच्या १२ तास २५ मिनिटांच्या लयीपासून फार दूर नाही. म्हणून प्रत्येक भरती आधीच्या हेलकाव्याला जोर देते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते तेव्हा उधाण येते. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात येते तेव्हा भांगाची, म्हणजे लहान भरती येते. कोळ्यांना हे पंचांग तोंडपाठ असते. खान्देशात तिथी पाळणारी घरे कमी नाहीत. त्या तिथीवर एक समुद्र हलतो आणि त्याच समुद्राला आपली नदी मिळते, एवढीच जोड आपल्याकडून द्यायची राहून गेली.

आपल्या पूर्वजांना ही जोड ठाऊक होती, कारण त्यांचा व्यापार तिच्यावर चालत होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासमार्गदर्शिकेत भडोचच्या, म्हणजे नर्मदेच्या मुखाशी येणाऱ्या भरतीचे भयचकित वर्णन आहे. त्यात तो सांगतो, की राजाच्या सेवेतले स्थानिक कोळी होड्या घेऊन समुद्रात सामोरे येत आणि परदेशी जहाजांना भरतीच्या वेळा साधून आत नेत. त्याच ग्रंथात पैठण आणि तेर येथून गाड्यांवर माल भडोचला जात असल्याची नोंद आहे. पैठणहून नर्मदेच्या मुखाकडे जाणारा माल अजिंठ्याची किंवा सातमाळ्याची रांग उतरून तापीच्या खोऱ्यातूनच पुढे सरकला असणार. अजिंठा आणि पितळखोरे ही लेणी या वाटांच्या आधाराने उभी राहिली असे अभ्यासक मानतात ते त्यामुळेच. पुढे सतराव्या शतकात हीच भूमिका सुरतेकडे आली. बऱ्हाणपूर ही मोगलांच्या खान्देश सुभ्याची राजधानी आणि सुरत हे तिचे बंदर. ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून बऱ्हाणपूरला गेला तो नवापूर, नंदुरबार याच वाटेने, आणि नवापूरच्या तांदळाला कस्तुरीचा वास येतो असे त्याने कौतुकाने लिहून ठेवले. धरणगावला इंग्रजांची वखार होती ती इथल्या कापडासाठी. या कापडाला पाय फुटत ते सुरतेच्या भरतीमुळे: तापीच्या मुखाशी वाळूचा आणि गाळाचा आडवा दांडा होता, मोठी जहाजे आत येऊ शकत नसत, ती उत्तरेला सुवाळीच्या आसऱ्याला नांगर टाकत, आणि लहान गलबते भरतीबरोबर शहराकडे वर चढत. खान्देशाच्या सुताचा भाव काही अंशी चंद्राच्या वाढण्या-घटण्याने ठरत होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. १९०० च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वे आली, कापूस रुळांवरून जाऊ लागला, आणि मुखाशी असलेला आपला रोजचा संबंध तुटला. विसर तेव्हापासूनचा आहे. तो शे-सव्वाशे वर्षांपलीकडचा नाही.

पण तुटला तो व्यवहारातला संबंध. मातीचा संबंध तुटणे शक्यच नव्हते. खंबातच्या आखाताच्या तळाशी आणि त्याच्या समोरच्या मंचावर जो बारीक चिखल पसरलेला आहे, त्यात स्मेक्टाइट या चिकणमातीचे प्रमाण मोठे आहे. ही चिकणमाती दख्खनच्या बेसाल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या झिजेतून बनते. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी आपली काळी माती तिच्यामुळेच तशी वागते. नर्मदा आणि तापी यांनी ही माती हजारो वर्षे वाहून नेली. भरतीने ती आखातात पसरवली, खाजणे उभी केली, खारफुटीला पाय रोवायला जागा दिली. चोपडा, शिरपूर, शिंदखेड्याच्या शेतांतून दर पावसाळ्यात जी माती निघून जाते, तिच्यातूनच तो किनारा बनला आहे. शेताच्या बांधावरून पाहिले तर ती धूप आहे. किनाऱ्यावरून पाहिले तर तीच जमीन आहे. दोन्ही हिशेब खरे आहेत, आणि दोन्ही एकत्र मांडल्याशिवाय नदीचा हिशेब पुरा होत नाही.

इथे विषयाचा गाभा येतो, म्हणून थोडे थांबतो. निमुळत्या, उथळ खाडीत भरती आणि ओहोटी सारख्या ताकदीच्या नसतात. भरती कमी वेळात चढते, म्हणून तिचा वेग जास्त. ओहोटी जास्त वेळ घेऊन संथ उतरते. वेगवान पाणी तळाचा गाळ उचलते, संथ पाणी तो उचलू शकत नाही. परिणाम असा, की नदीकडून पाणी येत नसते त्या आठ महिन्यांत समुद्र दिवसातून दोनदा थोडा थोडा गाळ आणि त्याच्याबरोबर खारेपण खाडीच्या आत, शहराच्या दिशेने ढकलत राहतो. पावसाळ्यात नदीला पूर येतो तेव्हा तो हा साठलेला गाळ उचलून पुन्हा समुद्रात लोटतो आणि खाऱ्या पाण्याला मागे रेटतो. म्हणजे आपल्याला जे पाणी वाया गेल्यासारखे वाटते तेच वर्षभर साचलेली खाडी मोकळी करण्याचे काम करत असते. नदीचे मुख मुख राहते ते या ओढाताणीमुळे. एक बाजू सैल पडली तर दुसरी पुढे सरकते. सुरतेला सिंगणपोर-रांदेरजवळ १९९० च्या दशकात तापीवर बंधारा बांधावा लागला, तो शहराचे पिण्याचे पाणी या खाऱ्या पाण्यापासून वाचवण्यासाठीच.

कोणी विचारील, की एकीकडे धरणांनी गाळ अडवला म्हणून किनाऱ्याची धूप होते असे म्हणायचे आणि दुसरीकडे खाडीत गाळ वाढला असे म्हणायचे, हे परस्परविरोधी नाही का? नाही. धरणात अडकतो तो वरून येणारा ताजा गाळ आणि वाळू. किनाऱ्याला ती मिळेनाशी होते आणि उघडा किनारा झिजतो. खाडीत चढतो तो समुद्रात आधीच पडलेला जुना, बारीक चिखल. त्याला बाहेर लोटणारा पूर मंदावल्यामुळे तो तिथेच बसतो. दोन्ही नुकसानींचे मूळ एक आहे: पुराचे बळ कमी होणे. आपल्या हतनूरच्या जलाशयात साचलेल्या गाळाबद्दल आपण वर्षानुवर्षे तक्रार करतो, ती याच गोष्टीची वरच्या टोकाची बाजू आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा सुरतेच्या होप पुलाजवळच्या पातळीत मिळतो. ऑगस्ट १९६८ च्या पहिल्या आठवड्यात तापीला पूर आला तेव्हा सुरतेच्या वरच्या अंगाला तापीवर उकाई धरण झालेले नव्हते. त्या वेळी पंधरा लाख क्युसेकच्या आसपास पाणी वाहिले आणि पुलाजवळ पातळी सुमारे बारा मीटर झाली. उकाई १९७२ मध्ये पुरे झाले. ऑगस्ट २००६ मध्ये पुन्हा महापूर आला. तेव्हा उकाईतून सोडलेले पाणी सर्वाधिक असताना नऊ लाख क्युसेकच्या आसपास होते. धरणाने पुराचे शिखर छाटले, हे त्याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. पण पुलाजवळची पातळी पुन्हा बारा मीटरच्या आसपास, किंबहुना थोडी वरच गेली आणि शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. पाणी जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी, पातळी तेवढीच. याचा अर्थ मधल्या ३८ वर्षांत नदीचे पात्र आक्रसले. त्यात पात्रातली बांधकामे, तटबंदी, बंधारा यांचा वाटा आहे आणि बसलेल्या गाळाचाही. केवळ भरतीला दोषी धरणे चूक ठरेल. पण खाडी साफ करणारे मध्यम पूर उकाईत अडले आणि गाळ आत ढकलणारी भरती तशीच चालू राहिली, हे कारण यादीतून वगळता येत नाही.

या दोन पुरांत आणखी एक साम्य आहे. ३८ वर्षे म्हणजे १९ वर्षांची दोन आवर्तने, आणि १९ वर्षांनी चंद्राच्या कला पुन्हा जवळजवळ त्याच तारखांना येतात. १९६८ मध्ये नारळी पौर्णिमा ८ ऑगस्टला होती, २००६ मध्ये ९ ऑगस्टला. दोन्ही महापूर त्या पौर्णिमेला लागून आले. पूर चंद्राने आणला नव्हता. तो बंगालच्या उपसागरातून आलेल्या कमी दाबाच्या पट्ट्यांच्या पावसाने आणला. तो कोणत्याही तिथीला येऊ शकला असता. पण उधाणाच्या तिथीला आला, की मुखाशी समुद्र वर चढलेला असतो आणि पुराला बाहेर पडायला मिळणारा वेळ आखडतो. यावर जलसंपदा क्षेत्रातले जाणकार एक योग्य आक्षेप घेतात: एवढ्या मोठ्या पुरात शहरातली पातळी मुख्यतः विसर्गाने ठरते, भरतीचा परिणाम खालच्या भागात अधिक जाणवतो, शिवाय उकाई ते सुरत अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास असल्याने दर बारा तासांच्या भरतीगणिक दरवाजे उघडणे-मिटणे शक्य नाही. दोन्ही मुद्दे मान्य. पण भरतीगणिक दरवाजे हलवा असे म्हणणे नाहीच. जलाशयात कोणत्या तारखेला किती पातळी ठेवायची याचे तक्ते इंग्रजी महिन्यांच्या तारखांना बांधलेले असतात, आणि भरती तिथीला बांधलेली असते. भारतीय सर्वेक्षण विभाग भरतीची कोष्टके आगाऊ छापतो. पावसाचा अंदाज चुकू शकतो, भरतीचा चुकत नाही. उधाणाच्या आठवड्याआधी जलाशयात थोडी अधिक जागा मोकळी ठेवणे एवढेच करायचे, तर त्याला नवे तंत्रज्ञान लागत नाही. भुसावळ, गिधाडे, सारंगखेडा इथल्या पूरमापनाचे आकडे आजही खाली जातात. त्या आकड्यांना मुखाच्या घड्याळाशी जोडणे, हे काम वरच्या खोऱ्यातल्या लोकांनी आग्रहाने मागावे असे आहे, कारण दरवाजे अचानक मिटले की फुगवट्याचे पाणी नवापूर-नंदुरबारकडच्या काठांवर चढते. उकाईच्या जलाशयाखाली तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातली गावेही गेली आहेत, हे विसरायला नको.

मुखाकडे पाणी फार कमी गेले तर काय होते, हे पाहायला शेजारच्या नर्मदेपर्यंत गेले तरी पुरे. सरदार सरोवर धरणानंतर कोरड्या महिन्यांत भडोचजवळचा प्रवाह इतका रोडावला, की समुद्राचे खारे पाणी आत चढले. काठच्या शेतकऱ्यांच्या विहिरी आणि उद्योगांच्या पाण्याची जागा त्याने बिघडवली. हिलसा, म्हणजे मुंबईकर ज्याला पाला म्हणतात तो मासा, पावसाळ्यात गोड्या पाण्याकडे चढून अंडी घालतो. भडोचच्या मच्छीमारांचे त्याच्यावरचे उत्पन्न झपाट्याने घसरले. आता खारे पाणी अडवायला भाडभूत येथे मुखाजवळ बंधारा बांधला जात आहे. म्हणजे वर वाचवलेल्या पाण्याची किंमत खाली सिमेंटमध्ये मोजावी लागते आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना जमिनीत आणि विहिरीत खारेपण शिरले की काय होते हे वेगळे सांगायला नको.

आता सर्वांत मोठा आक्षेप, आणि तो या सभागृहातल्या बहुतेकांच्या मनात आधीपासून असणार. ज्या भागात रावेर-यावलच्या केळीखालचा भूजलसाठा वर्षागणिक खाली गेला, जिथे अमळनेर तालुक्यातला पाडळसरे प्रकल्प दोन दशकांहून अधिक काळ अपुरा आहे, जिथे तापी खोऱ्यातल्या महाराष्ट्राच्या वाट्याचे १९१ टीएमसीच्या आसपासचे पाणी आजही पुरते अडवले गेलेले नाही, त्या भागाला समुद्राची गरज सांगणे क्रूरपणाचे नाही का? मुखाची गरज पुढे करून खान्देशाचा हक्क मागे ढकलला जात असता तर ते क्रूरपणाचे ठरले असते. माझे म्हणणे त्याच्या उलट आहे. तापीचे पात्र खान्देशात उंच काठांच्या मधून खोल वाहते. म्हणून शतकानुशतके हे पाणी डोळ्यांसमोरून गेले आणि शेतात चढले नाही. पांझरेवरच्या फड पद्धतीसारखी शहाणी सिंचनव्यवस्था तापीवर उभी राहू शकली नाही ती या भूगोलामुळे. हतनूर, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा येथे पाणी अडवले गेले ते योग्यच झाले, आणि पाडळसरे पुरे व्हायलाच हवे. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांच्या जाड थरात पुराचे पाणी जिरवण्याची जी महापुनर्भरण योजना आहे, जिच्यासाठी मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात करार झाला, ती मूळ कल्पनेत चांगली आहे, कारण ती पाणी जमिनीत साठवते आणि बाष्पीभवनाला देत नाही. मतभेद एका जागी आहे. या साऱ्या योजनांचे समर्थन आपण ‘नाहीतरी ते वाहूनच जाते’ या आधारावर करतो. हक्काचे पाणी हक्क म्हणून मागावे. ज्याचा कोणाला उपयोग नाही ते द्या, अशी मागणी करणारा स्वतःच आपला दावा उरल्यासुरल्यावर नेऊन ठेवतो.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. खोऱ्याच्या ९५ टक्के क्षेत्राचे पाणी उकाईत येते. मुखाला किती सोडायचे ते गुजरात ठरवणार. मग खान्देशाने हे ओझे का वाहायचे? या तर्काने प्रत्येक जण खालच्या शेजाऱ्याकडे बोट दाखवू शकतो: उगमाजवळचे मुलताई बऱ्हाणपूरकडे, बऱ्हाणपूर भुसावळकडे, भुसावळ प्रकाशाकडे. शेवटी मुखाची गरज कोणाच्याच हिशेबात येत नाही, आणि आज नेमके तेच झाले आहे. राज्याराज्यांतली वाटणी टीएमसीत होते, वर्षभराच्या एकूण आकड्यात. खाडीला मात्र वर्षाचा एकूण आकडा कळत नाही. तिला पावसाळ्यात काही दिवस जोराचे पूर हवेत आणि उन्हाळ्यात खारे पाणी रोखण्याइतका सततचा प्रवाह. तो किती हवा, हे मोजता येते. भरतीच्या वेळी खाडीत कुठवर खारेपण चढते हे पाहून ठरवता येते. हा हिशेब संपूर्ण खोऱ्याचा म्हणून मांडला गेला, तर मुखाची गरज तिन्ही राज्यांच्या वाट्यातून प्रमाणाने वजा होईल. आज ती कोणाच्याही वाट्यातून वजा होत नाही, म्हणून टंचाईच्या वर्षी वाद पेटला की सर्वांत आधी वरच्या राज्याच्या न बांधलेल्या प्रकल्पांकडे बोट जाते. ज्याच्याकडे खोऱ्याचे चार पंचमांश क्षेत्र आहे त्याला संपूर्ण हिशेबाची भीती वाटण्याचे कारण नाही. भीती अर्धवट हिशेबाची वाटायला हवी.

हीच गोष्ट नार-पार-गिरणा योजनेलाही लागू पडते. सुरगाण्याच्या डोंगरात उगम पावणारी पार नदी पश्चिमेकडे उतरून वलसाडजवळ समुद्राला मिळते. तिचे काही पाणी गिरणेत वळवले तर मालेगाव, चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्याला ते अमृत ठरेल यात शंका नाही. पण ती नदी आखूड आहे, तिची खाडी लहान आहे, आणि तिथली भरतीही पाच मीटरच्या आसपासची आहे. लहान नदीतून काढलेले थोडे पाणीही तिच्या मुखाला मोठे असते. योजना करू नये असे मी म्हणत नाही. वळवायचे पाणी पावसाळ्यातल्या कोणत्या दिवसांत उचलायचे आणि कोणत्या दिवसांत नदीला सोडायचे, याचा तक्ता योजनेच्या कागदात असावा, एवढेच. तिकडे खंबातच्या आखाताला आडवा बांध घालून गोड्या पाण्याचे सरोवर करण्याची कल्पसर योजना कित्येक वर्षे चर्चेत आहे. भरतीपासून वीज करण्याच्या दृष्टीने याच आखाताची क्षमता सात हजार मेगावॉटच्या घरात सांगितली जाते. यातले काहीही प्रत्यक्षात आले तर आखाताची लय बदलेल, गाळाच्या वाटा बदलतील आणि तापीच्या मुखाशी भरती किती चढते तेही बदलू शकेल. त्या निर्णयाच्या वेळी तापी खोऱ्याच्या वतीने कोण बोलणार? तापी पाटबंधारे विकास महामंडळाचे मुख्यालय जळगावात आहे. आपले विद्यापीठ जळगावात आहे. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाने उभी राहिलेली, कागदपत्र जपणारी संशोधन संस्था आहे. हतनूर आणि प्रकाशाचे विसर्ग, सुरतेची पातळी, डुमसची भरती आणि खाडीतले खारेपण ही चार आकड्यांची नोंद एका वहीत ठेवायला यांपैकी कोणालाही दुसऱ्या कोणाची परवानगी लागणार नाही. तीन-चार पावसाळ्यांच्या नोंदी हाती आल्या की आंतरराज्य बैठकीत खान्देशाला पाण्याचा आकडा मागताना त्या पाण्याचा संपूर्ण प्रवास समोर ठेवता येईल, आणि पाडळसरेसाठी निधी मागणाऱ्या निवेदनाच्या जोडीला मुखाशी किती पाणी पोचले पाहिजे याचा आपला स्वतःचा आकडाही देता येईल.